रसद

मराठीत 'पानिपत' हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. कोणाचा पुरता धुव्वा उडाला, की 'त्याचे पानिपत झाले' असे आपण सहज म्हणून जातो. ज्यांनी हे गाव कधी पाहिले नाही, त्यांच्याही तोंडी हा शब्द असतो. मी मात्र या गावात जवळजवळ वीस वर्षे राहते आहे आणि रोज दोन वेळा पाच माणसांचा स्वयंपाक करते आहे.

पानिपत हे दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर वसलेले, हरियाणा राज्यातील जिल्ह्याचे गाव. आज ते लढाईपेक्षा कापडासाठी अधिक ओळखले जाते. सतरंज्या, गालिचे, पडदे आणि ब्लँकेटे येथून देशभर आणि परदेशांतही जातात. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याचे कारखाने येथे मोठ्या संख्येने आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल येथून आलेले कामगार या यंत्रांवर उभे असतात. गावाबाहेर 'काला आम' नावाचे स्मारक आहे. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तेथे येतात, माथा टेकवतात आणि परत जातात.

शाळेत असताना पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा धडा मी वाचला होता. त्यातले भाऊसाहेब, विश्वासराव आणि तोफा तेवढ्या लक्षात राहिल्या होत्या. येथे संसार मांडल्यावर त्याच हकिकतीतली दुसरी गोष्ट मनात ठसली. ती गोष्ट अन्नाची आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकले, तेव्हा तेथील धान्याचा मोठा साठा त्यांच्या हाती लागला. पण लवकरच अहमदशहा अब्दाली यमुना ओलांडून आला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मध्ये बसला. रसदेची वाट बंद झाली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली आशाही मावळली. फौजेबरोबर न लढणारी माणसेही मोठ्या संख्येने होती आणि त्या सर्वांना रोज खायला लागत होते. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे लोकांनी भाऊसाहेबांना सांगितले, ही नोंद त्या काळच्या काशिराजाच्या वृत्तान्तात आहे. त्यानंतर १४ जानेवारी १७६१ ची सकाळ उजाडली. तलवारी भिडण्याआधी कित्येक दिवस चुली विझत आल्या होत्या.

घर आणि लष्कर यांची तुलना कोणाला विचित्र वाटेल. परंतु ज्या बाईने महिन्याच्या विसाव्या दिवशी पिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपला आहे, तिला 'रसद' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आम्ही मूळचे सोलापूरचे. माझे पती तेथे चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करीत. तो कारखाना बंद पडला आणि एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर २००६ साली आम्ही पानिपतला आलो. सोबत सासूबाई, तीन वर्षांची मुलगी, दोन पेट्या आणि एक पोते शाळूची ज्वारी होती. धाकट्या मुलाचा जन्म येथलाच. पतींना ब्लँकेटांच्या कारखान्यात काम मिळाले. पण हंगाम असेल तेव्हा काम पुष्कळ आणि हंगाम सरला की पाळ्या कमी, असा तो व्यवहार होता. खोलीचे भाडे आणि मुलांची शाळा यांना वाट बघणे माहीत नव्हते. कमी-जास्त करायची जागा एकच होती आणि ती म्हणजे किराणा.

सोबत आणलेली ज्वारी दोन महिन्यांत संपली. मग पहिल्यांदा कळले, की धान्यालाही आपला मुलूख असतो. सोलापुरात भाकरी म्हणजे ज्वारीची. येथे ज्वारी पेरतात, परंतु ती 'चरी' म्हणून, म्हणजे हिरवी कापून म्हशींना घालण्यासाठी. दुकानात ज्वारीचे पीठ मागितले, की दुकानदार आमच्याकडे कुतूहलाने पाही. लांबून आलेली ज्वारी मिळत असे, पण तिचा भाव गव्हाहून कितीतरी अधिक होता. जे आमच्या गावी गरिबाचे धान्य होते, ते येथे आमच्या आवाक्याबाहेरचे ठरले. उलट गहू येथे मुबलक आणि हिवाळ्यात बाजरीही स्वस्त. सासूबाई काही दिवस खंतावल्या. मग एके दिवशी त्यांनीच बाजरीचे पीठ परातीत घेतले, कढत पाणी घातले आणि म्हणाल्या, "जमीन बदलली तर भाकरी बदलायचीच. पोटाला कुठं ठाऊक असतं गाव कोणतं ते?"

कमी पैशांत घर चालवण्याचा हा पहिला धडा होता. जे अन्न ज्या मातीत, ज्या ऋतूत सहज पिकते, तेच तेथे स्वस्त असते आणि बहुधा ताजे व कसदारही असते. आपल्या गावाची चव दूरवरून मागवण्यात पैसा जातो. ती चव सणावारासाठी राखून ठेवावी आणि रोजच्या जेवणासाठी भोवतालच्या रानाकडे पाहावे.

हे रान मला आमच्या शेजारच्या एका वृद्ध जाट बाईंनी दाखवले. सारी गल्ली त्यांना 'ताई' म्हणे. हरियाणात ताई म्हणजे थोरल्या चुलत्याची पत्नी आणि आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. मी कोणत्याही अर्थाने हाक मारली, तरी नाते आपले खरेच ठरे. त्यांची थोडी शेती आणि दोन म्हशी होत्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी पदरात भरून एक हिरवी भाजी आणून दिली आणि तिचे नाव 'बथुआ' असे सांगितले. मी पान उलटे करून पाहिले. मागची बाजू पांढरट, पिठूळ होती. तो आमचा चाकवत होता. ताकातली चाकवताची पातळ भाजी आमच्या घरी आवडीने होत असे. येथे तोच चाकवत गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवत होता. "यो तो खेत मैं आपै उगै सै," ताई म्हणाल्या. शेतात तो आपोआप उगवतो, त्याचे पैसे कसले घ्यायचे, असा त्यांचा भाव होता. त्या बथुआ उकडून दह्यात कालवीत आणि त्याला रायता म्हणत. मी त्यात बेसन, हरभऱ्याची भिजवलेली डाळ आणि लसणाची फोडणी घालून आमची भाजी केली व वाटीभर त्यांच्याकडे पाठवली. त्यानंतर दर हिवाळ्यात दोन्ही घरांत दोन्ही प्रकार होऊ लागले.

ताईंच्या घरी लोणी काढल्यावर उरलेले ताक विकण्याची पद्धत नव्हती. ते शेजारी वाटले जाई. त्या ताकाने आमच्या घराला किती आधार दिला, ते सांगता येणार नाही. कढी, ताकातल्या भाज्या, उन्हाळ्यात भाकरीचा काला, एवढे सारे त्या एका कासंडीतून निघे. मीही रिकामी कासंडी परत पाठवीत नसे. कधी जवसाची चटणी, कधी चार थालीपिठे जात. स्वस्त स्वयंपाकाच्या पुस्तकात शेजारधर्माची पाककृती नसते; प्रत्यक्षात मात्र ती सर्वांत उपयोगी पडते.

भाज्यांची नावेही नव्याने शिकावी लागली. एकदा गाडीवाला "सीताफल" असे ओरडत आला. मुलगी आनंदाने धावली आणि पाहते तो गाड्यावर लाल भोपळे! दिल्लीकडच्या या भागात लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात. मुलीचा हिरमोड झाला, पण भोपळ्याची फोड स्वस्त होती. अख्खा भोपळा न कापता कोरड्या जागी ठेवला, तर आठवडेच्या आठवडे टिकतो. त्याची भाजी होते, भरीत होते आणि गूळ घालून घारगेही होतात. त्या दिवशी घारगे केल्यावर मुलीची सीताफळाबद्दलची तक्रार मिटली.

संध्याकाळी उशिरा बाजार उठण्याच्या वेळी भाजी उतरत्या भावाने मिळते. मी तेव्हाच जाऊ लागले. मुळा घेतला तर पाल्यासकट, फ्लॉवर घेतला तर देठ-पानांसकट. मुळ्याच्या पाल्यात थोडी मूगडाळ घातली की एक भाजी होते आणि मुळ्याची कोशिंबीर वेगळी होते. फ्लॉवरचे कोवळे देठ बारीक चिरून डाळीत शिजतात. मटाराच्या हंगामात टरफलांची आतली पातळ साल काढून त्यांचीही भाजी करता येते. एका पैशात दोन जिन्नस मिळत असताना त्यातला एक फेकून देणे आम्हाला परवडणारे नव्हते.

आता हिशेबाकडे वळते. महिन्याचा पगार हाती आला, की आधी दळणाचे धान्य, मग डाळी व कडधान्ये, मग तेल, मीठ, गूळ, चहा असा क्रम मी ठरवला होता. ही खरेदी एकदाच होई. उरलेल्या पैशांचे चार समान भाग करून चार आठवड्यांच्या भाजी-दुधासाठी ठेवले जात. एका आठवड्याचा पैसा दुसऱ्या आठवड्यात शिरणार नाही, एवढा नेम पाळला की महिनाअखेर फारशी अंगावर येत नाही. चिवडा, बिस्किटे, तयार मसाले यांचा क्रम सर्वांत शेवटी. हे सारे मी एका वहीत लिहीत असे. लिहिल्याने पैसे वाढत नाहीत. परंतु ते कोठे जातात, हे लिहिल्यावाचून समजत नाही.

पोट भरणे आणि अंगाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या पोळीने किंवा नुसत्या भाताने भूक भागते, पण मुलांची वाढ भागत नाही. आपल्या शरीराला लागणाऱ्या प्रथिनांतले काही घटक धान्यात कमी असतात आणि ते डाळींत भरपूर असतात. डाळींत जे कमी, ते धान्यात असते. म्हणून दोन्ही एकत्र आली, की एकमेकांची उणीव भरून काढतात. वरणभात, पिठले-भाकरी, खिचडी, उसळ-पोळी हे आपल्या पूर्वजांचे पदार्थ याच जोडीवर उभे आहेत. हरियाणाची मिस्सी रोटी गहू आणि बेसनाची असते, बाजरीची खिचडी मुगाच्या डाळीबरोबर शिजते. माणसे वेगळी, मुलूख वेगळा, पण अनुभवातून सापडलेले शहाणपण एकच. तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण चांगले मानतात. आमच्या घरी ते दर महिन्याला साधत नसे. तरी ताटात डाळीचा अंश नाही असे एकही जेवण होऊ द्यायचे नाही, हा नियम आम्ही मोडला नाही.

हा नियम पाळण्याच्या वाटा अनेक आहेत. वाटीभर मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली, की मोड येऊन ती दुपटीहून अधिक होते. येथे तिला 'मोठ' म्हणतात आणि ती राजस्थानातून भरपूर येते. मोड आलेल्या कडधान्यात क जीवनसत्त्वही वाढते. दोन मुठी बेसनात पाच माणसांचे पिठले होते. डाळीच्या पातळ आमटीत कणकेची फळे सोडली, की चकोल्या तयार होतात. त्या एका पातेल्यात पोळी, डाळ आणि भाजी तिन्ही येतात. थालिपिठाच्या भाजणीत ज्वारीऐवजी मी बाजरी आणि मका घातला. जोडीला गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने. भाजणी खमंग भाजली, की ती सोलापूरची का पानिपतची, हे जिभेला कळत नाही. शेंगदाण्याची चटणी महाग पडू लागली, तेव्हा जवसाची आली. सरसूच्या तेलाचा उग्र वास सुरुवातीला सर्वांना खटके. ते धूर येईपर्यंत तापवून मग आच कमी केली, की वास उतरतो, हे ताईंनी शिकवले.

इंधन हाही किराण्याचाच भाग आहे. कडधान्ये व डाळी आधी भिजवल्या, तर त्या लवकर शिजतात. एकाच कुकरात खाली डाळ, मध्ये भात आणि वर बटाटे ठेवले, की एका गॅसवर तीन कामे होतात. रात्रीची उरलेली पोळी सकाळी कुस्करून फोडणीला टाकावी, भात उरला तर फोडणीचा भात करावा. मात्र उरलेले अन्न झाकून थंड जागी ठेवावे आणि वास बदलला असेल तर मोह धरू नये. त्यातून आलेल्या आजारपणाचा खर्च वाचवलेल्या घासाहून मोठा असतो.

महागाईचे घाव अधूनमधून बसतच. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे देशात पाऊस कमी झाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ अनेक बाजारांत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. तुरीचे वरण ज्या घरात रोजचे, त्या मराठी घराला हा मोठाच धक्का होता. तेव्हा आम्ही तूर जवळजवळ थांबवली. हरभऱ्याची डाळ, मसूर, मूग, मटकी यांपैकी त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते आणले. आमटीला चिंच-गूळ आणि गोडा मसाला लावला, की घरची चव राही. एका जिनसाला धरून बसणाऱ्या घरावर महागाईची पकड घट्ट बसते. ज्या घराला पाच डाळी रांधता येतात, त्याला थोडा तरी श्वास घेता येतो.

मात्र या सगळ्या युक्त्यांची खरी कसोटी २०२० साली लागली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. यंत्रांचा रात्रंदिवस चालणारा खडखडाट एकाएकी थांबला. गल्लीत इतकी शांतता मी कधीच अनुभवली नव्हती. रोजगार थांबला. त्यात मार्चअखेर म्हणजे आमच्या घरात गव्हाची कणगी तळाला गेलेली असण्याची वेळ. वैशाखीनंतर नवा गहू येतो, तेव्हा आम्ही ताईंकडून सालाचा गहू हप्त्याने घेत असू. त्या वर्षी हरियाणात गव्हाची सरकारी खरेदीही उशिरा, २० एप्रिलला सुरू झाली. घरात अंदाजे तीन आठवड्यांचे दळण, चार प्रकारच्या थोड्या थोड्या डाळी, भाजणीचा एक डबा, भोपळे दोन आणि वाळवणाची मडकी होती. तीन आठवडे पुरणारे अन्न सहा आठवडे कसे पुरवायचे, हा प्रश्न होता.

आमच्या शेजारच्या खोल्यांत बिहार व उत्तर प्रदेशातले कामगार राहत होते. त्यांची स्थिती याहून बिकट होती. सरकारने एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो जादा धान्य आणि कुटुंबाला एक किलो डाळ मोफत दिली. परंतु या लोकांची कार्डे गावी होती. कार्ड बिहारात आणि भूक हरियाणात, अशी त्यांची कोंडी झाली. आज 'एक देश, एक शिधापत्रिका' ही सोय सर्व राज्यांत आहे आणि आपले धान्य दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून घेता येते. त्या वेळी ती सर्वत्र पोहोचलेली नव्हती.

मग गल्लीतल्या बायकांनी मिळून ठरवले, की दुपारचे जेवण एकत्र करायचे. कोणाकडे तांदूळ, कोणाकडे डाळ, कोणाकडे बटाटे होते. बिहारी कुटुंबाकडे सातूचे पीठ होते. ते भाजलेल्या हरभऱ्याचे. पाण्यात मीठ, कांदा, लिंबू घालून सातू प्याले, की दुपार निघते, हे मला तेव्हा समजले. आमच्याकडून चकोल्या आणि पिठले आले. ताईंच्या घरून ताक येत राहिले आणि पुढे नवा गहूही आला. त्याचे पैसे त्यांनी दिवाळीपर्यंत मागितले नाहीत. सहा घरांच्या सहा चुलींऐवजी एक चूल पेटू लागली. इंधन वाचले, धान्य पुरले आणि एकटेपणाची भीतीही कमी झाली. पुढे त्यांतली दोन कुटुंबे गावी परतली. जाताना मी त्यांना भाजणी बांधून दिली, कारण ती टिकते आणि पाण्यात कालवून कोठेही भाजता येते.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्याकडे बाई सर्वांना वाढते आणि मागाहून, उरेल ते खाते. तंगीच्या दिवसांत जी पोळी कमी पडते, ती बहुधा तिचीच असते. याला कोणी त्याग म्हणतात, कोणी काटकसर म्हणतात. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी सर्वांसमोर विषय काढला. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडली होती. तेव्हाची सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी त्यांनी खाल्ली होती. त्या म्हणाल्या, "दुष्काळात मी पोरांना वाढून आपण पाणी पिऊन झोपले. वाटलं, पोरं वाचली. पण पुढं कामाला उभं राहता येईना, तेव्हा पोरांनाच माझं करावं लागलं. ह्या घरात आता तसं नको. पाच ताटं एकदम वाढा. कमी असलं तर सगळ्यांना कमी."

त्या दिवसापासून आमच्या घरी पाच ताटे एकदम वाढली जातात. भाकरी चार असल्या तर पाच जणांत वाटल्या जातात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हा आकडा वाचला, की मला सासूबाईंचे बोलणे आठवते. यामागे कारणे अनेक असतील. पण सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वाढले जाणारे ताट हे त्यांतले एक आहे, असे मला वाटते. दात कोरून पोट भरत नाही, ही आपली म्हण खरी आहे. काटकसर म्हणजे वाया जाणारे वाचवणे. घरातल्या एका माणसाचा घास वाचवणे ही काटकसर नव्हे, ती उपासमार आहे. तिला चांगले नाव देऊन ती लपवू नये.

आणखी एक गोष्ट. गरिबीत युक्तीने संसार करणाऱ्या बाईचे कौतुक करून समाजाने आपली जबाबदारी संपली असे समजू नये. भाजणीच्या डब्यात आधी धान्य असावे लागते. वेळेवर मिळणारी मजुरी, शिधावाटपाचे दुकान, शाळेतले माध्यान्ह भोजन ही देखील घराची रसदच आहे. कोणतीही सुगरण रिकाम्या परातीत पीठ मळू शकत नाही. हातात जे आहे त्यातून चांगले अन्न करण्याचे ज्ञान आमच्याकडे आहे. हातात काहीतरी असावे, यासाठी सर्वांनी मिळून झटले पाहिजे.

माझी मुलगी आता नोकरी करते आणि किराण्याची वही तीच लिहिते. मुलाला पिठले आणि चकोल्या उत्तम जमतात. चूल ही एकट्या बाईची नव्हे, हे त्याने घरातच पाहिले आहे. सासूबाई थकल्या आहेत, पण भाजणीचा वास आला की कोणते धान्य कमी भाजले गेले, ते अजूनही बसल्या जागेवरून सांगतात.

आमच्या गल्लीत कामासाठी नवी कुटुंबे येतच असतात. एखादी नवी मुलगी येऊन विचारते, "काकू, एवढ्या पैशांत महिना कसा काढायचा?" तेव्हा मी तिला फार काही सांगत नाही. आधी दळण आण, मग डाळ. येथे जे पिकते ते रांधायला शीक. शेजारच्या दारी रिकामे भांडे परत पाठवू नकोस. आणि सर्वांची ताटे एकदम वाढ, त्यात तुझेही असू दे. एवढे सांगून झाले, की हिवाळा असेल तर तिच्या पदरात मूठभर चाकवत घालते आणि ताकात तो कसा शिजवायचा, ते दाखवते.